काळ्या पडद्यावरचा अर्धा र

१

“बाई, तुमच्या पत्राबद्दल मनापासून आभार,” पाणीपुरवठ्याचे इंजिनियर फोनवर अगदी मोकळेपणानं हसत म्हणाले. “आज चारला झडप उघडतो. टेकडीवरची वस्ती तुम्हाला दुवा देईल.”

बाईंच्या हातात नमुन्याची बाटली होती. ती त्यांनी आधी जाग्यावर ठेवली. “कुठलं पत्र?”

“असं काय करता! काल संध्याकाळी आलेलं. अहवाल मागे घेतल्याचं.”

“मी कुठलाही अहवाल मागे घेतलेला नाही.”

पलीकडचं हसू विरलं. बाई म्हणजे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या मुख्य रसायनतज्ज्ञ. त्यांनी एकदा ‘नाही’ म्हटलं की साक्षात ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याचं ‘हो’ होत नसे, हे इंजिनियरना अनुभवानं ठाऊक होतं. टेकडीवरच्या वस्तीसाठी नवी जलवाहिनी टाकली होती, आणि शेवटच्या नळाच्या पाण्यात बाईंना शिसं सापडलं होतं. शिशाला ना वास ना चव. माणसाला कळतही नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूत ते मुक्कामाला येऊन बसतं. ‘पाणी सोडू नये,’ असं बाईंनी स्वच्छ लिहून दिलं होतं.

“झडप उघडू नका,” त्या म्हणाल्या.

“बाई, आता आली का पंचाईत! एकाच तोंडाची दोन बोलणी. लेखी एक, फोनवर दुसरं. उद्या मला वरून विचारलं तर मी काय फोन दाखवू? आणि त्या वाहिनीच्या जोडांना तर तुमच्याच साहेबांनी दाखला दिलाय, कधीचाच. त्यांच्याकडून काही लेखी येऊ द्या, मी लगेच थांबतो. नाही आलं, तर चारला उघडणार. लोक किती दिवस टँकरच्या मागे धावतील?”

फोन ठेवून बाई आपल्या यंत्राकडे गेल्या. बाकीच्या कार्यालयात ईमेल म्हणजे रंगीत खिडक्या, चित्रं आणि टिचकी मारायची बटणं. बाईंच्या यंत्रावर मात्र काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, बस्स. माउस नाही, बटण नाही, सगळा कारभार कळांवर. ईमेलचा तो जुना प्रोग्राम त्यांनी स्वतः एकेक सेटिंग हातानं लिहून आपल्या मनाजोगा करून घेतला होता. लोक त्याला ‘बाईंचा काळा पडदा’ म्हणत आणि मागून हसत. हसोत बापडे.

इंजिनियरचं उत्तर आलेलंच होतं. वर त्यांचे स्वतःचे शब्द: ‘बिचाऱ्या लोकांची सोय झाली, आभारी आहे.’ त्याखाली, प्रत्येक ओळीआधी बाणाची खूण असलेलं ते पत्र, बाईंच्या नावाचं.

> दुसर्?या नमुन्याच्या बाटलीशी अदलाबदल झाल्याने
> शिशाचे प्रमाण चुकीचे नोंदले गेले. माझा अहवाल
> मागे घेत आहे. अधिकार्?यांनी पाणी सोडण्यास
> हरकत नाही.

मधली प्रश्नचिन्हं पाहून त्या नेहमीप्रमाणे चडफडल्या, पण रागाला त्याहून मोठं कारण समोर होतं. खाली त्यांचं नाव आणि त्यांचा हुद्दा. बाटल्यांची अदलाबदल! हे वाक्य लिहिण्याआधी त्यांचा हात झडला असता.

दारात शिपाई उभा होता. “बाई, साहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता.”

२

संचालकसाहेब आवाज चढवत नसत. समोरच्याला खड्ड्यात ढकलायचं असलं तरी आधी ‘बसा’ म्हणत.

“बसा, बाई. पत्राची प्रत मलाही आली आहे. चूक झाली, तुम्ही कबूल केलीत. मोठेपणा आहे त्यात.”

“मी ते पत्र लिहिलेलं नाही.”

साहेबांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या तंत्रज्ञाकडे पाहिलं. कार्यालयातले संगणक आणि सर्व्हर सांभाळणारा हा तरुण. गळ्यात सदैव वायरींचं वेटोळं, म्हणून नावच पडलं ‘वायर’.

वायर जमिनीकडे बघत बोलला. “बाई, सर्व्हरवर नोंद आहे. पत्र तुमच्या खात्यातून गेलंय, तुमच्या पासवर्डनं, ह्याच इमारतीतून. आणि...” तो अडखळला. “कुठल्या प्रोग्राममधून पाठवलं तेही नोंदलं जातं. ते तुमच्या काळ्या पडद्यावरून गेलंय. सबंध इमारतीत तो वापरणाऱ्या तुम्ही एकट्या.”

“इमारतीतलं कुठलं यंत्र?”

“ती नोंद मी बंद ठेवली होती. डिस्क भरते फार.”

“धन्य!” बाई म्हणाल्या.

साहेब समजूत घातल्यासारखं हसले. “बाई, त्या काळ्या पडद्यातलं मला ओ की ठो कळत नाही. म्हणून तर मी सगळ्यांना नवीन प्रोग्रामवर आणायला बघतोय. पण हा मुलगा म्हणतो त्यात दम आहे. तुमचं खातं, तुमचा पासवर्ड, तुमचा प्रोग्राम. तुम्ही आता उलटलात तर लोक म्हणतील, ह्या प्रयोगशाळेला सकाळी शिसं दिसतं आणि संध्याकाळी दिसत नाही. मग आपल्या कुठल्या कागदावर कोण विश्वास ठेवेल?”

“कागदावरचं राहू द्या. पाण्यात शिसं आहे.”

“पुन्हा तपासू सावकाश.”

“त्याला दोन दिवस लागतात. झडप आज उघडतेय. तुम्ही इंजिनियरना एक ओळ लिहा, थांबा म्हणून.”

“आणि कारण काय देऊ? माझ्या मुख्य रसायनतज्ज्ञांचं खातं कुणीही वापरतं, असं?” साहेबांचा आवाज आणखी मऊ झाला. “तुमचं खातं मी बंद करायला सांगितलंय. आलेलं वाचता येईल, पाठवता येणार नाही. तुम्ही थकला आहात. सन्मानानं राजीनामा द्या, मी प्रकरण वाढवणार नाही.”

बाई उठल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण शब्द थंड निघाले. “राजीनामा मिळणार नाही. चोर मी शोधते. तीन वाजता ह्याच खोलीत येते, आणि इंजिनियरनाही घेऊन येते.”

“कुणावर संशय आहे तुमचा?” साहेबांनी विचारलं.

बाई तडक बाहेर पडल्या. पण वायर मागून धावत आला आणि हळूच म्हणाला, “बाई, राग मानू नका. तो काळा पडदा चालवता येणारा इमारतीत आणखी एक जण आहे. तुम्हीच शिकवलंय त्याला.”

३

तो बाईंचा सख्खा भाचा होता. धाकट्या बहिणीचा मुलगा, प्रयोगशाळेत सहायक. इथे मावशी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असा दंडक होता आणि तो दिवसातून दहादा मोडला जाई.

भाचा बाटल्या विसळत होता. बाईंनी नळ बंद केला. “काल संध्याकाळी मी शीतगृहात नमुने लावत होते तेव्हा तू कुठे होतास?”

“इथेच. का?”

“माझ्या यंत्रावर बसला होतास?”

त्याचा चेहरा पडला. हा मुलगा बाईंच्या अंगाखांद्यावर वाढला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करायचं काय?

“बसलो होतो,” तो म्हणाला. “थोडा वेळ. मावशी, तुला सांगणार होतो...”

“बाई म्हण.”

“बाई, मी दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज केलाय. माझ्या यंत्रावरून पाठवला असता तर शेजारच्यांनी वाकून बघितलं असतं. तुझ्या काळ्या पडद्याकडे कोणी बघत नाही, म्हणून तिथून माझ्याच खात्यातून पाठवला. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“आणि माझ्या नावानं पत्र?”

आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. “तुला वाटतं मी असं करेन? तुझ्या नावावर? अगं, मला त्या प्रोग्राममधलं येतं किती? लिहायचं आणि शेवटी झेड दाबून पाठवायचं, एवढंच तू शिकवलंस. बाकी कशाला बोट लावलं की तू ओरडतेस!”

तो फडका टाकून निघून गेला. बाईंनी त्याला थांबवलं नाही. विश्वास ठेवावासा वाटत होता, आणि वाटण्यावर अहवाल लिहायची त्यांना सवय नव्हती.

मग त्या वायरच्या खोलीत गेल्या. तिथे पंख्यांची घरघर आणि वायरींचं जंगल. “तू काल कुठे होतास ते विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “माझा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे, तेवढं सांग.”

वायरनं दार लोटलं. “मला माहीत आहे. नवीन प्रोग्रामवर सगळ्यांची खाती हलवायची आहेत ना, म्हणून सगळ्यांचे पासवर्ड जमा करायला लावले होते.”

“कुणी?”

तो गप्प राहिला. पोटावर पाय येईल ह्या भीतीनं माणूस गप्प बसतो तेव्हा कसा दिसतो, हे बाईंनी ह्या इमारतीत खूपदा पाहिलं होतं.

“बरं, दुसरं सांग. तुला मराठीत पत्र टाइप करता येतं?”

“देवनागरीत? छे हो! माझी सगळी पत्रं इंग्रजी अक्षरांत मराठी. तुम्हीच दर वेळी टोमणा मारता, ‘हे पत्र आहे की गाडीचा नंबर?’”

ते खरं होतं. बाई परत निघाल्या. त्यांच्या टेबलापाशी कुणीतरी त्यांचीच वाट बघत उभं होतं.

४

साहेब स्वतः आले होते, हातात टाइप केलेला राजीनामा. फक्त सही बाकी.

“तुमच्या सोयीसाठी तयारच करून आणला.”

“माझ्या नावानं पत्रं लिहायची ह्या कार्यालयात साथच आलेली दिसते,” बाई म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावर कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच खोकल्यात दडलं. साहेबांचं स्मित मात्र ढळलं नाही. “बाई, मी तुमच्या बाजूनंच विचार करत होतो. म्हटलं, चुकून गेलं असेल का? पण तसंही म्हणता येत नाही. मजकूर लिहून झाला तरी तो प्रोग्राम थांबून राहतो. वाय दाबाल तेव्हाच पत्र जातं. म्हणजे लिहिणाऱ्यानं जाणूनबुजून पाठवलंय. आपण दोघंही शहाणी माणसं आहोत, सही करा.”

“ठेवा तिथे.”

“करणार ना?”

“बाटल्यांखाली ठेवायला कागद लागतोच. ठेवा.”

साहेब गेले. बाईंना काहीतरी खटकलं होतं, दाताखाली खडा यावा तसं. पण काय खटकलं ते हाती लागेना. त्या काळ्या पडद्यासमोर बसल्या आणि तेच पत्र पुन्हा उघडलं. या वेळी रागानं नाही, नमुना तपासावा तसं.

दुसर्?या. अधिकार्?यांनी.

ह्या प्रश्नचिन्हांचं वायरशी जुनं भांडण होतं. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘कोऱ्या’ अशा शब्दांतला तो आडवा, अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलकांवर त्याच्यासाठी वेगळं अक्षरच असतं. काहींवर साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि मग एक न दिसणारी जोडखूण घालायची. रंगीत खिडक्यांत दोन्ही तऱ्हा अगदी जुळ्या बहिणी दिसतात. बाईंच्या काळ्या पडद्याला मात्र ती न दिसणारी खूण पचत नसे. तिच्या जागी तो प्रश्नचिन्ह टाकून मोकळा होई. ‘सेटिंग बदला, बाई,’ वायर म्हणे. बाई म्हणत, ‘मी का बदलू? दोष आहे तो दिसतोय, दिसू दे.’

त्यांनी आधी वाटेतल्या बिघाडाचा विचार केला. इंजिनियरच्या यंत्रानं अक्षरं बिघडवली असतील? पण इंजिनियरच्या स्वतःच्या ओळीत ‘बिचाऱ्या’ स्वच्छ उमटलं होतं. त्यांचं यंत्र निर्दोष. बिघाड पत्रातच होता, लिहिला त्या क्षणापासून.

त्यांनी भाच्याला हाक मारली. तो तोंड फुगवून आला.

“बस इथे. ‘दुसऱ्या अधिकाऱ्यांनी’ असं टाइप कर. माझ्या यंत्रावर.”

त्यानं केलं. अक्षरं स्वच्छ आली, प्रश्नचिन्ह नाही.

“आता ते प्रश्नचिन्ह येईल असं लिहून दाखव.”

त्यानं खूप खटपट केली. “इथे जमतच नाही, मावशी. ह्या कळफलकावर ती जोडखूणच नाही.”

म्हणजे ते पत्र ह्या यंत्रावर लिहिलेलंच नव्हतं. भाचा इथे बसला असो वा नसो, पत्र दुसऱ्याच टेबलावर जन्मलं होतं. कुणीतरी आपल्या यंत्रावर हाच प्रोग्राम आणून बसवला, त्यात बाईंचं नाव आणि पासवर्ड घातला, म्हणजे बोट बरोबर बाईंकडे वळेल.

“चुकलं माझं,” त्या भाच्याला म्हणाल्या. “तुझ्यावर संशय घेतला. फार वाईट वाटतंय मला.”

त्यानं मान फिरवली. “राहू दे. पण मग कोण?”

काळ्या पडद्याची एक सोय रंगीत खिडक्यांत नाही. हुकूम द्या, तो तुमच्या साऱ्या जुन्या पत्रांतून एखादं चिन्हसुद्धा हुडकून काढतो. बाईंनी ती न दिसणारी जोडखूण शोधायला सांगितली. पडदा क्षणभर कोरा झाला आणि मग ओळी उमटू लागल्या. बरीच पत्रं निघाली, वेगवेगळ्या महिन्यांची, वेगवेगळ्या विषयांची.

इंजिनियरचं आजचं उत्तर सोडलं, तर पाठवणारा मात्र सगळ्यांचा एकच होता. भाच्यानं नाव वाचलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

५

तीन वाजता बाई साहेबांच्या खोलीत शिरल्या. सोबत भाचा, वायर, आणि तोंड वाकडं केलेले इंजिनियर. “चारला मला पंपावर हवं,” ते घड्याळ बघत म्हणाले. “थोडक्यात सांगा.”

“थोडक्यातच सांगते. खोटं पत्र साहेबांनी लिहिलंय.”

साहेबांनी हात टेबलावर ठेवले. “बाई, ह्याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.”

“म्हणा. आधी ऐका.” बाईंनी प्रश्नचिन्हांचा सगळा हिशेब मांडला: माझ्या यंत्रावर ती खूण लिहिताच येत नाही, माझ्याकडे आलेल्या साऱ्या पत्रांत ती खूण फक्त एका माणसाच्या पत्रांत आहे, आणि तो माणूस आपली पत्रं स्वतः टाइप करतो, ह्याचा त्याला अभिमान आहे.

“असे कळफलक गावभर आहेत,” साहेब म्हणाले. “तुम्ही दुसऱ्या यंत्रावर बसून लिहिलं असेल.”

“वर्षानुवर्षं ज्या प्रश्नचिन्हाला मी शिव्या देतेय, ते माझ्याच नावाच्या पत्रात पेरायला? बरं, असो. दुसरं सांगते. तुम्हाला काळ्या पडद्यातलं ओ की ठो कळत नाही, खरं ना?”

“सांगितलंय मी.”

“आणि दुपारी तुम्हीच मला शिकवलंत, की वाय दाबल्याशिवाय पत्र जात नाही.”

साहेब हसले. “एवढं तर कुणालाही ठाऊक असतं. ह्या मुलानं सांगितलं असेल.”

वायर दचकला. बाईंनी त्याच्याकडे नजर टाकली. बोलायचं की गप्प राहायचं, हे त्यानं ठरवायचा क्षण होता. त्याला पळता भुई थोडी झाली असती तरी बाईंनी त्याला दोष दिला नसता.

“मी नाही सांगितलं,” वायर म्हणाला. आवाज फाटका होता, पण शब्द नीट होते. “मलाच माहीत नव्हतं. मी तो प्रोग्राम कधी चालवला नाही. आणि बाई, सकाळी तुम्ही विचारलंत ते आता सांगतो. पासवर्ड साहेबांनी जमा करायला लावले. माझ्याकडून घेऊन गेले.”

“आता गंमत ऐका,” बाई म्हणाल्या. “माझ्या यंत्रावर वाय दाबून पत्र जातच नाही. भाच्याला विचारा.”

“झेड,” भाचा म्हणाला. “बाईंनी बदलून घेतलंय. एकदा वायवर बोट पडून अर्धवट पत्र गेलं होतं, तेव्हापासून.”

“म्हणजे वायनं पत्र जातं, हे माझ्या यंत्रावर शिकलेल्याला कळूच शकत नाही. ते कोऱ्या, नव्यानं बसवलेल्या प्रोग्रामवरून पत्र पाठवणाऱ्यालाच कळतं. साहेब, तुम्ही तो नुकताच वापरलात, म्हणून जिभेवर आलं.”

“कॉलेजात शिकत होतो तेव्हा सगळेच तो वापरत!” साहेब ताडकन म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांचं त्यांनाच कळलं.

“अरेच्चा,” इंजिनियर खुर्चीत पुढे सरकले. “मग आत्ताच ओ की ठो कळत नव्हतं ते?”

“भांडण नको,” बाई म्हणाल्या. “तुमचं यंत्र समोर आहे. त्यात तो प्रोग्राम आहे की नाही, वायर बघेल. नसला तर मी आत्ता, इथे, तुम्ही आणलेल्या त्या राजीनाम्यावर सही करते.”

वायर पुढे आला. साहेबांनी यंत्राचं झाकण मिटलं आणि त्यावर हात ठेवला. मऊ आवाज पार गेला होता. “मी ह्या कार्यालयाचा प्रमुख आहे! कुणी हात लावायचा नाही!”

“उघडा की, साहेब,” इंजिनियर शांतपणे म्हणाले. “काही नसेल तर बिघडतं काय?”

साहेबांचा हात झाकणावरच राहिला.

इंजिनियर थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिले. “शिसं वाहिनीच्या जोडांतूनच येत असणार. ते जोड तुम्हीच पास केले होते,” ते म्हणाले. “न तपासता?”

“नमुना म्हणून आलेले जोड चांगले होते,” साहेब कसेबसे बोलले. “बसवले ते वेगळे निघाले असतील. मला काय माहीत? बाईंचा अहवाल गेला असता तर सगळे आधी माझा दाखला मागणार. इतक्या वर्षांची कारकीर्द! आणि शिसं आहे तरी किती? हळूहळू धुऊन गेलं असतं.”

“कुणाच्या पोटातून?” बाईंनी विचारलं.

साहेब एकदम उसळून म्हणाले, “एक अर्धा र आणि एक वाय! एवढ्यावर मला दोषी ठरवणार? टिकेल हे कुठे?”

“कुठे टिकेल ते टिकेल. मला तुम्हाला फासावर नाही द्यायचं. मला एवढंच हवंय, की झडप उघडू नये.”

इंजिनियरनी फोन काढला. क्षणभर ते थांबले. वस्तीला पाणी देतो म्हणून शब्द देऊन बसले होते ते. वरचे फाडून खाणार होते. मग नंबर लावला. “पंपावर कोण आहे? ऐक, झडप उघडायची नाही. हो, माझ्या जबाबदारीवर. लेखी? लेखी मागाहून. मी सांगतोय ना!”

सकाळी लेखीसाठी अडून बसलेला माणूस हाच का, असा प्रश्न बाईंना पडला. वायर निमूटपणे आपल्या खोलीकडे निघाला होता.

“कुठे चाललास?” साहेब ओरडले.

“बाईंचं खातं सुरू करायला,” तो म्हणाला, आणि थांबला नाही.

६

गोष्ट इथे संपली असती तर बाईंचा सत्कार झाला असता. तसं काही झालं नाही. साहेबांनी जाताजाता वर दोन फोन केले. बाईंवर शिस्तभंगाची चौकशी लागणार, असं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. साहेबांचीही होणार, पण ती ‘यथावकाश’. भाच्यानं विचारलं, “मावशी, भीती नाही वाटत?” बाई म्हणाल्या, “वाटते. म्हणून काय अहवाल बदलू?”

त्या भाच्याला घेऊन टेकडीवर गेल्या. वाहिनीत चाचणीचं थोडं पाणी भरलेलं होतं, त्याचा शेवटच्या नळावर नवा नमुना घ्यायचा होता, आणि तो त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातून नको होता.

वस्तीत चारच्या आधीपासून भांड्यांची रांग लागली होती. बादल्या, हंडे, पिंपं, एका मुलीच्या हातात नुसतं पातेलं. झडप उघडणार नाही असा निरोप नुकताच येऊन थडकला होता, आणि टँकरवाल्याला आज येऊ नको म्हणून आधीच कळवलेलं. अख्खी गल्ली चिडलेली होती.

“आज सोडणार होते!” कडेवर मूल घेतलेली एक तरुण आई कडाडली. “कोणी तरी खोडा घातलाय म्हणे. कार्यालयातली कोण एक मेली आहे, तिनं पाणी अडवलंय!”

भाच्यानं बाईंची बाही ओढली. “चल मावशी, नमुना नंतर घेऊ.”

बाईंनी बाही सोडवून घेतली. बाटल्यांची पेटी खाली ठेवली आणि रांगेच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“ती मेली मी आहे,” त्या म्हणाल्या.

गलका थांबला. शेकडो डोळे त्यांच्यावर खिळले.

“ह्या पाण्यात शिसं आहे. ते ह्या लेकराच्या डोक्यात जाऊन बसेल, आणि मग कुठलाही डॉक्टर ते काढू शकणार नाही. म्हणून अडवलंय. उद्या पुन्हा अडवेन, परवाही अडवेन. टँकर आत्ता परत मागवते. शिव्या द्यायच्या तर द्या, पण तोंडावर द्या. मी जाणार नाही.”

ती आई एकटक बघत राहिली. राग उतरला नव्हता, विश्वासही बसला नव्हता. “आणि पाणी चांगलं निघालं तर?”

“तर मीच येऊन नळ उघडेन, आणि सगळ्यांच्या देखत माफी मागेन.”

“आणि वाईट निघालं तर?”

“तर हे नळ उखडायला लावेन,” बाई म्हणाल्या. “तेव्हा मला माणसं लागतील. तुम्ही याल?”

त्या आईनं कडेवरचं मूल शेजारणीकडे दिलं. रिकामी बादली उचलून नळापासून बाजूला केली, बाईंना बाटली लावायला जागा व्हावी म्हणून.

“आधी तपासा,” ती म्हणाली. “मी इथेच उभी आहे.”